पिसांचे डायनोसॉर : जीवाश्मपुरावा आणि वाद

डायनोसॉर आणि आद्य पक्ष्यांच्या अंगावर पिसे होती का, याचा निवाडा जीवाश्मांवरून करताना उठलेला वाद. पीस नाजूक असते आणि सहसा कुजून जाते; बारीक गाळाखाली प्राणी झटपट गाडला गेला, तरच त्याचा ठसा उरतो. म्हणून दगडावर पीस दिसले नाही, एवढ्यावरून ते नव्हतेच असे ठरत नाही.

वादाची सुरुवात बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या चुनखडीपासून होते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या खडकात १८६१ मध्ये एक सुटे पीस आणि आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा सांगाडा मिळाला. पंख पक्ष्याचे, पण शेपटी सरड्यासारखी लांब, हाडांची. १९८५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ठेवलेल्या या सांगाड्याभोवतीची पिसे सिमेंट लावून उमटवल्याचा आरोप केला. तेथील निसर्गेतिहास संग्रहालयाने खडक दुभंगून झालेल्या, एकमेकींवर बसणाऱ्या दोन्ही फरश्या ताडून पाहिल्या. केसाएवढ्या भेगा आणि क्षारांची झाडासारखी नक्षी पिसांच्या भागातही समोरासमोर तंतोतंत जुळत होती. सिमेंटचा लेप असता, तर ही जुळणी शक्यच नव्हती.

१९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातील सायनोसॉरॉप्टेरिक्स हा छोटा डायनोसॉर जगासमोर आला. त्याच्या पाठीवर आणि शेपटीवर आखूड तंतूंची झालर होती. ही आद्य पिसे, असे बहुतेकांचे मत पडले. काहींना मात्र ते कातडीतले कुजके कोलॅजेन, म्हणजे प्रथिनाचे धागे, वाटले. २०१० मध्ये तंतूंत मेलॅनोसोम, म्हणजे रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या, आढळल्या आणि शेपटीवर तांबूस-तपकिरी पट्टे असावेत असा निष्कर्ष निघाला. कोलॅजेनमध्ये अशा पिशव्या नसतात. त्यामुळे तो आक्षेप आता फारच दुबळा ठरतो. लिआओनिंगच्या जीवाश्मांबाबत सावधगिरी मात्र हवीच: १९९९ मध्ये गाजलेला ‘आर्किओरॅप्टर’ हा जीवाश्म वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून बनवलेला निघाला.

हाडेही साक्ष देतात. मंगोलियातील एका व्हेलोसिरॅप्टर या शिकारी डायनोसॉरच्या पुढच्या पायाच्या हाडावर ओळीने सहा उंचवटे आहेत, हे २००७ मध्ये दाखवले गेले. आजच्या अनेक पक्ष्यांत पंखांची मोठी पिसे अशाच उंचवट्यांशी जोडलेली असतात.

खरा तिढा पिसांच्या उगमाचा आहे. सायबेरियातील कुलिंदाड्रोमिअस हा शाकाहारी डायनोसॉर पक्ष्यांच्या वंशशाखेपासून दूरचा. तरी त्याच्या अंगावर खवल्यांसोबत तंतूही आहेत. मग पिसे सर्व डायनोसॉरांच्या समान पूर्वजाकडून आली, की वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उगवली? टायरॅनोसॉरसच्या मान, कंबर व शेपटीवरील कातडीच्या ठशांत खवलेच दिसतात, तर त्याच्याच कुळातला, सुमारे ९ मीटर लांबीचा युटिरॅनस तंतूंनी झाकलेला होता. टायरॅनोसॉरसच्या कातडीचे ते तुकडे लहान आहेत; त्याच्या पाठीचा ठसा त्यांत नाही.