पत्ता गेला की मतही गेलं?

मतदार यादीत नाव लागतं ते पत्त्यावर. पत्ता सुटला की नाव कटलं, असा जुना रिवाज. त्याला पहिली मोठी फट पाडली ती सैनिकानं. यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६२ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं आघाडीवरच्या आपल्या सैनिकांना छावणीतच मत देऊ दिलं. न्यूझीलंडनं १८९० मध्ये खलाशांची सोय केली. ब्रिटननं १९१८ मध्ये फौजेतल्यांना टपालानं किंवा प्रॉक्सीमार्फत, म्हणजे आपल्या वतीनं दुसऱ्याला पाठवून, मत द्यायची मुभा दिली. तर्क सरळ होता: हा माणूस हौसेनं गेलेला नाही, कामगिरीवर गेलाय.

पोटापाण्यासाठी गेलेल्याला हा तर्क लागू पडेना. तो मर्जीनं गेला, इथल्या कायद्याची झळ त्याला बसत नाही, मग इथलं सरकार त्यानं का निवडावं? आक्षेप अगदीच पोकळ नाही. अमेरिकेनं १९७५ च्या कायद्यानं परदेशातल्या आपल्या सामान्य नागरिकांना संघीय निवडणुकांत मताचा हक्क दिला. पण तिथलं कर खातं त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतं!

देश सोडल्यावर किती वर्षं मत टिकावं, ही मुदत ब्रिटनमध्ये तर रबरासारखी ताणली-सोडली गेली. १९८५ मध्ये ती ५ वर्षं ठरली, १९८९ मध्ये २०, पुढे १५. ब्रिटिश सैनिक हॅरी शिंडलर दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि १९८२ पासून तिथेच राहिले. १५ वर्षांच्या अटीपायी त्यांचं मत गेलं. ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ मध्ये हरले. २०२२ च्या कायद्यानं अट काढली, अंमल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. शिंडलर त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, १०१ व्या वर्षी वारले.

इटलीनं वेगळी वाट धरली: परदेशस्थांना स्वतंत्र मतदारसंघ, कनिष्ठ सभागृहात १२ जागा आणि सिनेटमध्ये ६. यासाठी अनेक वर्षं झटले ते उजव्या गोटातले मिर्को त्रेमाल्या. २००६ मध्ये या जागांवर पहिल्यांदा मतदान झालं आणि सिनेटच्या सहापैकी चार जागा डाव्या आघाडीनं नेल्या. त्या आघाडीचे नेते रोमानो प्रोदी यांचं काठावरचं बहुमत त्यावरच तगलं. (२०२० च्या सार्वमतानंतर या जागा ८ आणि ४ वर आल्या.) फ्रान्सनंही २०१२ पासून परदेशस्थांना ११ लोकप्रतिनिधी दिले.

भारतात १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली 'सर्वसाधारण रहिवासी' ही अट साठ वर्षं आडवी आली. २०१० च्या दुरुस्तीनं अनिवासी भारतीयांना नाव नोंदवता आलं, पण मत द्यायला यायचं स्वतः, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदान केंद्रावर. प्रॉक्सीचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि २०१९ मध्ये ती लोकसभा संपताच बारगळलं. या मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही. केंद्रावर तो मूळ पासपोर्ट पुढे करतो, आणि त्याचं नाव शोधायला यादीचा शेवटचा भाग उघडावा लागतो.