१९७२ साली अख्खा देश ‘गुलशन गुलशन’ बघत होता?

नोव्हेंबर २०२२मध्ये अभिनेत्री आणि निवेदिका तबस्सुम गेल्या तेव्हा ते जुनं वाक्य पुन्हा फिरलं: ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा त्यांचा सिनेकलाकारांच्या मुलाखतींचा कार्यक्रम १९७२पासून सारा देश टीव्हीसमोर बसून बघायचा. वाक्य गोड आहे, पण खरं नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. तबस्सुमचा कार्यक्रम या मुंबई केंद्राचा, आणि वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी जेमतेम मुंबई आणि आसपास पोचायच्या. पुणेकरांनासुद्धा सिंहगडावरचं प्रक्षेपण केंद्र १९७३मध्ये सुरू होईपर्यंत थांबावं लागलं. कोलकाता, मद्रासला तर टीव्हीच १९७५ला आला! केंद्रांना जोडणारा राष्ट्रीय कार्यक्रम थेट १५ ऑगस्ट १९८२चा. तोवर ज्याचं त्याचं केंद्र, ज्याचा त्याचा कार्यक्रम.

मग ही समजूत आली कुठून? कार्यक्रम चालला १९९३पर्यंत, आणि तोवर टीव्ही खरोखरच देशभर पोचला होता. शिवाय समोर बसणारे हिंदी सिनेमातले, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचे. चाळीत एकाच घरी सेट, दारात चपलांचा ढीग, आतून तबस्सुमचं खळखळून हसणं, ही आठवण मात्र शंभर टक्के खरी. फक्त ती आधी मुंबईकरांची.