डब्यातली बिअर: अबकारी कराच्या पोटी जन्मलेला छंद

घरी बिअर करण्याचं तयार किट आज बहुतेक ठिकाणी एकाच रूपात दिसतं. माल्टच्या घट्ट अर्काचा १.७ किलोचा डबा, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली सुक्या यीस्टची पुडी आणि घडी घातलेला सूचनांचा कागद. अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, थंड पाणी ओतून २३ लिटर करायचं आणि वर यीस्ट भुरभुरायचं. धान्य भरडणं नाही, तास-दीड तास उकळणं नाही. या सोयीमागे बिअर जाणणाऱ्यांचं डोकं असेल असं वाटतं. पण तिचा माग काढत गेलं की दर वळणावर भेटतो तो करवसुली अधिकारी.

आधी अर्क म्हणजे काय ते पाहू. सातूला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. ते भरडून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवलं की मोड येताना तयार झालेली विकरं पिठाची साखर करतात. हा गोड रस, म्हणजे वर्ट, हॉप्स या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळला की त्यात कडवटपणा उतरतो. किट बनवणारे ही सगळी कामं कारखान्यात उरकतात आणि मग रसातलं पाणी उडवतात. उघड्या कढईत हे करायला गेलं तर रस करपतो. साखर उद्योगाने १८१३ मध्ये यावर तोड काढली होती. एडवर्ड हॉवर्डच्या बंद कढईत हवेचा दाब कमी असे, त्यामुळे पाणी कमी तापमानालाच उडे. तेच तत्त्व माल्टला लागू पडलं. तयार अर्कात पाणी जेमतेम वीस टक्के उरतं, तो काकवीइतका दाट होतो आणि त्यात जंतूंचं काही चालत नाही.

कल्पना मात्र या कढईहून जुनी आहे. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर, १७७२ मध्ये, ब्रिटिश नौदलाने आटवलेला माल्टचा रस पिंपांत भरून दिला होता. माल्टने स्कर्व्ही हा खलाशांना जडणारा रोग टळतो असा तेव्हाचा समज होता (टळत नाही, पण बिअरला कोण नको म्हणणार). १७७३ मध्ये न्यूझीलंडच्या डस्की साउंडला जहाज थांबलं तेव्हा तिथल्या रिमू आणि मानुका झाडांचा पाला उकळून, त्यात हा रस आणि काकवी घालून कुकच्या माणसांनी बिअर केली. ती न्यूझीलंडमधली पहिली बिअर मानतात. म्हणजे त्या देशाची सुरुवातच अर्काच्या बिअरने झाली.

एकोणिसाव्या शतकात अर्क पोचला औषधाच्या कपाटात आणि बेकरीत. अशक्त मुलांना तो कॉड माशाच्या तेलाबरोबर चमच्याने देत. हे तपशील किरकोळ वाटले तरी पुढच्या गोष्टीची चावी त्यांतच आहे. अमेरिकेत जानेवारी १९२० मध्ये दारूबंदी लागू झाली तेव्हा माल्टचा अर्क किराणा दुकानाच्या फळीवर आधीपासूनच सज्जनाच्या वेषात उभा होता.

बिअरचे कारखाने बंद पडले, पण माल्ट बनवण्याची यंत्रं जागेवरच होती. ॲनहायझर-बुश, पॅब्स्ट, श्लिट्झ यांच्यासारख्या नामांकित कंपन्यांनी अर्काचे डबे बाजारात आणले. जाहिरातीत पाव, बिस्किटं, केक. गंमत अशी की डबे हॉप्स घातलेलेही मिळत, आणि कडू हॉप्सचा पाव कुणी भाजत असेल यावर विश्वास ठेवायला फार भोळं मन लागतं. अर्कात मद्यार्क नव्हता, त्यामुळे तो विकायला हरकत नव्हती. घरी नेल्यावर गिऱ्हाईक त्याचं काय करतं, हे पाहायला दुकानदार थोडाच जाणार होता? या धंद्याला किती बरकत होती ते १९३२ मध्ये दिसलं. अर्क विकणाऱ्या प्रीमियर माल्ट कंपनीचं पॅब्स्टशी विलीनीकरण झालं आणि नव्या कंपनीच्या नावात प्रीमियर हे पॅब्स्टच्या आधी लागलं.

घरच्या बिअरची बदनामीही याच काळातली. पावाचं यीस्ट, नशा वाढावी म्हणून सढळ हाताने साखर, तापमानाचा पत्ता नाही आणि आंबणं पुरतं थांबायच्या आत बाटल्यांना बुचं. बाटल्या फुटत, आणि ज्या टिकत त्यांतलं पेय चवीने पिण्याजोगं क्वचितच असे. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली. घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही, आणि ही विसंगती पंचेचाळीस वर्षं तशीच राहिली.

ब्रिटनमध्ये बंदी कधी नव्हती, होता तो हिशेब. माल्टवरचा कर बुडू नये म्हणून तिथे एके काळी बिअरमध्ये साखर घालायलाच मनाई होती. ती १८४७ मध्ये उठली. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तो वर्टच्या घनतेवर बसवला. मग बिअरवाल्याने साखर कशातून आणली याच्याशी सरकारला देणंघेणं उरलं नाही. त्याच कायद्याने घरी बिअर करणाऱ्याच्या मागे मात्र परवान्याचं शुक्लकाष्ठ लागलं. आज छंद म्हणून बिअर करणारे वर्टमध्ये घनतामापी तरंगवून १.०४० वगैरे आकडे वाचतात (नुसतं पाणी म्हणजे १.०००; साखर जितकी जास्त तितका आकडा वर). करवसुली अधिकारी घनता मोजत ती अशाच उपकरणाने.

हा परवाना १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. विकायची नसेल तर घरच्या बिअरवर ना परवाना, ना कर. त्यानंतर औषधांच्या दुकानांत, विशेषतः बूट्सच्या शाखांत, किट दिसू लागली. स्टोमार्केटची मंटन्स माल्टच्या व्यवसायात १९२१ पासून होती, तिला घरगुती गिऱ्हाइकाची नवी बाजारपेठ मिळाली. २३ लिटरचं मापही तिथलंच: पाच ब्रिटिश गॅलन, म्हणजे चाळीस पाइंट. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला निर्बंध सैलावले आणि ॲडलेडच्या कूपर्सने, १८६२ पासून बिअर करणाऱ्या घराण्याने, आपला अर्क डब्यात भरायला घेतला. आज या डब्यांच्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत तिची गणना होते.

अमेरिकेत कायदा बदलला तो १९७८ मध्ये. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी दुरुस्ती मांडली, १४ ऑक्टोबरला जिमी कार्टर यांनी सही केली: एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २००. त्याच डिसेंबरमध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला चार्ली पॅपेझियन यांनी साथीदारासह अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन उभी केली. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा यांनी २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली.

राहता राहिली ती किलोभर साखर. माझ्या मते किटची खरी अडचण तीच. डब्यातला १.७ किलो अर्क २३ लिटरमध्ये मिसळला तर घनता १.०२२ च्या आसपास येते, म्हणजे बिअर पाणचट. नेहमीच्या ताकदीला न्यायचं तर अर्क तरी जवळपास दुप्पट हवा, नाहीतर साखर. साखर स्वस्त आणि डबा एकच, म्हणून तीच सूचनांच्या कागदावर छापली गेली. पण साधी साखर पुरती आंबते, माल्टमधली काही शर्करा मात्र यीस्टला पचत नाही आणि तीच बिअरला अंग देते. त्यामुळे अशा किटमधला जवळजवळ अर्धा मद्यार्क साखरेचा असतो आणि पेय तोंडाला पातळ लागतं. त्यातून डबा फळीवर जुना झालेला असला तर अर्क काळवंडतो, शिळी चव येते, आणि दोष सरसकट अर्काला दिला जातो.

मुरलेली मंडळी साखरेऐवजी माल्टची सुकी पूड वापरतात. उत्पादकही आता तीन किलो अर्काची, साखर न लागणारी किट विकतात. ऑस्ट्रेलियात तर काहींनी अर्क करणंच सोडलं आहे: उकळलेला वर्ट पाणी न उडवता मोठ्या कॅनमध्ये भरतात आणि गिऱ्हाइकाने घरी त्यात फक्त यीस्ट टाकायचं.