लाल पडलेलं पाचचं नाणं

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मोबाईल नाकापुढं धरतं. "काका, पाचचं नाणं तांब्याचं निघालंय. किती येतील?" पाच रुपये येतील.

छाप एका बाजूला सरकलेला, कड चंद्रकोरीसारखी कापलेली, किंवा एका बाजूवर दुसरीचीच उलटी, खोलगट छाप. नाणी जमवणारे जास्त पैसे मोजतात ते टांकसाळीतल्या असल्या चुकांना, आणि त्या शेंबडं पोरही ओळखतं. सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून नाचू नका. हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचं.

घोळ होतो तो रंगात. पिवळं पाचचं नाणं निकेल-पितळेचं, म्हणजे त्यात तांबं, जस्त आणि थोडं निकेल. आंबट किंवा खारट ओलीत पडलं की वरच्या थरातलं जस्त आधी झिरपून जातं, तांबं मागं राहतं आणि नाणं लालसर दिसतं. 2019च्या महापुरानंतर सांगलीत गाळातून निघालेल्या गल्ल्यांतली नाणी मी पाहिलीत. काळी, लाल, हिरवट, सगळे रंग एकाच गल्ल्यात. कृष्णेत टाकलेल्या नाण्यांचंही तेच. आणि चिंचेनं घासून 'चकचकीत' केलेलं तर घासणाऱ्यानंच लाल केलेलं असतं! देवाची भांडी घासा हो, नाणी कशाला?

"चुकून तांब्याच्या चकतीवर छापलं असेल की," असं म्हणणाऱ्याला मी उलट विचारतो, ती चकती आली कुठून? तांब्याचं नाणं आज चलनातच नाही. चुकीच्या धातूची चकती असेल, तर बहुतेक वेळा वजन किंवा जाडी चुगली करतेच. सोनाराच्या काट्यावर ठेवा. 2019च्या नव्या मालिकेआधीचं पिवळं पाचचं नाणं 6 ग्रॅमचं, त्या मालिकेतलं 6.74 ग्रॅमचं, जुनं जाड पांढरं 9 ग्रॅमचं. लाल नाणं आपल्या मालिकेच्या वजनाच्या आसपास भरलं, तर विषय तिथंच संपला. तरी मन मानत नसेल, तर भिंगातून उठावाच्या टोकांकडं बघा. रोजच्या हाताळणीनं झिजतात ती तीच, आणि तिथं खालचा पिवळा बहुतेक डोकावतो. कानशीनं कड घासून बघणाऱ्यांशी मी बोलत नाही.

माझ्याकडं रुपयाचं एक नाणं आहे, काजळी धरल्यासारखं काळंकुट्ट. दाखवलं की लोक आधी रंगालाच भुलतात. त्याचा छाप दोन-तीन मिलिमीटर सरकलाय आणि एका कडेला कोरी पट्टी राहिलीय, ते मला बोट ठेवून दाखवावं लागतं. काळेपणा गल्लीतल्या चहावाल्याच्या शेगडीचा आहे. अजून धुतलेलं नाही.