पूर्वजांच्या थडग्यांपर्यंत आलेला समुद्र

प्रशांत महासागराच्या पश्चिम कडेला, ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामध्ये टोरेस सामुद्रधुनी आहे. तिथल्या मासिग बेटाचा किनारा झिजत झिजत दफनभूमीपर्यंत आला आणि माणसांना आपल्या पूर्वजांची हाडं वाळूतून वेचून घ्यावी लागली. असं नुकसान सरकारी हिशेबात कुठल्या रकान्यात मांडायचं? हा प्रश्न तिथले मूळ रहिवासी थेट संयुक्त राष्ट्रांकडे घेऊन गेले.

आधी पाण्याचं बघू. १९९३ ते २०१० या काळात इथला समुद्र वर्षाला सुमारे ६ मिलिमीटरने चढला. जगाची सरासरी ३ मिलिमीटरच्या थोडी वर होती. पाणी तापलं की फुगतं आणि जमिनीवरचं बर्फ वितळून समुद्रात येतं, ही कारणं सगळीकडे सारखीच. पण त्या काळात प्रशांत महासागरावरचे पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे जोरावर होते. ते कोमट पाणी पश्चिमेकडे रेटत राहिले आणि या बाजूला पातळी जास्त चढली.

मासिग, पोरुमा, वारबर ही प्रवाळाच्या वाळूची ठेंगणी बेटं. अशा बेटांवर पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. त्यामुळे समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी साठलं, तर खाली जवळपास चाळीस फूट साठू शकतं. हे गणित उलटंही चालतं: वरचं फूटभर गेलं, की खालचे चाळीस गेले. किनारा झिजून बेट अरुंद झालं की हे भिंग पातळ होतं. मोठ्या भरतीत लाट बेटावर चढली, तर मीठ वरूनच मुरतं. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की काय होतं, ते कोकणातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

मे २०१९ मध्ये बोइगू, मासिग, पोरुमा आणि वारबर इथल्या आठ जणांनी, सहा मुलांच्याही वतीने, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तक्रार केली. सप्टेंबर २०२२ मध्ये समितीने निर्णय दिला. जगण्याच्या हक्काचा भंग झाल्याचं तिने मान्य केलं नाही. पण बेटांचं वेळेत संरक्षण न केल्यामुळे घर-कुटुंबाच्या आणि स्वतःची संस्कृती जपण्याच्या हक्काचा भंग झाला, असं ती म्हणाली आणि भरपाई द्यायला सांगितलं. मला यातला संस्कृतीचा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे पूर्वजांच्या थडग्यांची देखभाल हे जिवंत नात्यातलं कर्तव्य आहे. काही विधी त्या त्या बेटावर केले तरच अर्थपूर्ण ठरतात. माणसं मुख्य भूमीवर नेऊन वसवता येतील, पण ते विधी तिथे नेता येत नाहीत.

समितीचा निर्णय देशांतर्गत न्यायालयाच्या हुकुमासारखा अंमलात आणता येत नाही. २०२१ मध्येच बोइगूचे पबाई पबाई आणि साइबाईचे पॉल कबाई यांनी ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टात सरकारच्या निष्काळजीपणाबद्दल दावा लावला होता. १५ जुलै २०२५ ला तो फेटाळला गेला. निकाल वाचून जीव तुटतो, कारण बेटांची दुर्दशा न्यायाधीशांनी मान्य केली. २०१५, २०२० आणि २०२१ साली उत्सर्जनाची उद्दिष्टं ठरवताना सरकारने उत्तम विज्ञानाचा खरा विचार केला नाही, हेही मान्य केलं. तरीही त्यांचं म्हणणं असं की अशी उद्दिष्टं हा धोरणाचा विषय, त्यात निष्काळजीपणाचा कायदा लागत नाही. आणि ‘आयलन कस्टम’, म्हणजे बेटांची रीत, हरवल्याबद्दल भरपाईची तरतूदच या कायद्यात नाही. ती हवी तर वरच्या न्यायालयांनी किंवा संसदेने कायदा बदलायला हवा.

आठच दिवसांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वेगळा सूर लावला: हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. हे सल्लागार मत मागण्याची मोहीम २०१९ मध्ये वानुआतूत कायदा शिकणाऱ्या पॅसिफिक बेटांवरच्या २७ विद्यार्थ्यांनी सुरू केली होती.

टोरेसच्या लोकांनी देशाचा कायदा पूर्वी एकदा बदलायला लावला आहे. ब्रिटिश आले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, ही समजूत ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ ला मोडीत काढली, ती मेर बेटाच्या एडी माबो यांच्या खटल्यात. खटला दहा वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा माबोंना जाऊन साडेचार महिने झाले होते.