धाव-चाल पद्धतीने व्हर्च्युअल शर्यत

व्हर्च्युअल शर्यत : ठरलेले अंतर स्पर्धकाने आपल्या सोयीच्या जागी, आयोजकाने दिलेल्या मुदतीत पार करायचे आणि मोबाइल किंवा घड्याळातली जीपीएस नोंद पुरावा म्हणून पाठवायची, असा धावण्याच्या स्पर्धेचा प्रकार. बिब, म्हणजे छातीवर लावायचा स्पर्धक क्रमांकाचा कागद, बहुधा ई-मेलने येतो, तो घरीच छापून घ्यायचा. नोंद मान्य झाली की ई-सर्टिफिकेट मिळते आणि पदक कुरियरने येते. बोलण्यात सगळे ‘व्हर्च्युअल रन’च म्हणतात. ‘आभासी शर्यत’ हा शब्द छापील मजकुरातच भेटतो आणि तो थोडा फसवाही आहे. आभासी असतात ते सोबतचे स्पर्धक. धाप खरीच लागते.

हा प्रकार आधीपासून होता, पण घरोघरी पोचला तो करोनाच्या काळात. ४ ऑक्टोबर २०२० रोजी लंडन मॅरेथॉनमध्ये फक्त अव्वल धावपटू सेंट जेम्स पार्कभोवतीच्या बंद मार्गावर धावले. बाकीच्यांनी आपापल्या गावी, २४ तासांच्या आत, ४२.१९५ किमी पूर्ण केले. असे पूर्ण करणाऱ्यांची संख्या ३७ हजारांवर गेली. साथ ओसरल्यावर मैदानी शर्यती परतल्या, तरी नवशिक्यांसाठी हा मार्ग टिकून राहिला. पहिल्यांदा धावणाऱ्याला अंतराची भीती कमी आणि शेवटून पहिले येण्याची जास्त असते. इथे शेवट दिसतच नाही.

धाव-चाल पद्धत : थोडे धावणे, थोडे चालणे, पुन्हा धावणे असे आलटून-पालटून करत अंतर कापणे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटर धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी सत्तरच्या दशकापासून नवशिक्यांना शिकवताना ही पद्धत रुजवली. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेला ‘काउच टू फाइव्ह के’ (सोफ्यावरून ५ किमीपर्यंत) हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रमही असाच सुरू होतो. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावणे, ९० सेकंद चालणे, असे २० मिनिटे, आठवड्यातून तीनदा. दोन्हींत एक फरक आहे आणि तो बरेचदा लक्षात येत नाही. क्लार्क यांच्या कार्यक्रमात चालणे ही कुबडी आहे, शेवटी ती सुटते. गॅलोवे यांच्या पद्धतीत चालणे हा धावण्याचाच भाग असून मॅरेथॉनलाही ते कायम राहते. पहिल्या व्हर्च्युअल रनसाठी दुसरा विचार जास्त कामाचा.

‘चाललो तर वेळ फार जाईल’ ही भीती हिशोब मांडला की निघून जाते. एखादा नवशिका किलोमीटरला आठ मिनिटे या गतीने धावतो आणि बारा मिनिटे या गतीने झपाझप चालतो, असे धरू. एक मिनिट धावण्यात १२५ मीटर, एक मिनिट चालण्यात साधारण ८३ मीटर. म्हणजे दोन मिनिटांच्या एका फेरीत २०८ मीटर. ५ किमीला अशा २४ फेऱ्या, एकूण ४८ मिनिटे. दोन मिनिटे धाव आणि एक मिनिट चाल केली तर ४५ मिनिटे. सगळे अंतर नुसते चालत गेले तर एक तास, न थांबता धावले तर ४० मिनिटे. ती ४० मिनिटे मात्र कागदावरची. न थांबता धावायला निघालेला नवशिका बहुतेक वेळा दुसऱ्या किलोमीटरलाच कमरेवर हात ठेवून उभा असतो.

कारण शरीरात आहे. धावताना दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात आणि पाऊल टेकताना वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. चालताना तो वजनाच्या जरा वरच राहतो. हृदय-फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध आणि हाडे सावकाश तयार होतात. ‘दम तर लागत नाही, पण नडगी दुखते’ ही तक्रार या तफावतीतूनच येते. मधले चालणे हा भार वाटून टाकते, पण त्यासाठी ते दमण्याआधी, अगदी पहिल्या फेरीपासून करावे लागते. हेच सर्वांत अवघड. पहिल्या मिनिटाला पाय ताजे असतात आणि त्याच वेळी थांबायचे असते. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या वॉकर्स स्ट्रीटवर सकाळी, धाव-चाल बदलायची वेळ सांगणाऱ्या टायमरची टीट-टीट ऐकून कुणी धावता धावता चालू लागला की मागून येणारे काका हमखास विचारतात, ‘‘काय भाऊ, एवढ्यातच थकून राहिला का?’’ ‘‘नाही काका, टायमर वाजला.’’ हे उत्तर द्यायला जरा निगरगट्टपणा लागतो.

नागपुरातील ऋतू आणि वेळ : आयोजक मुदत देतो, दिवस मात्र ऊन ठरवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला खरा हंगाम. थंडी कधी बोचरीही होते (२९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता), पण धावणाऱ्याला ती सोसते, त्रास होतो तो कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शेकोट्यांच्या धुराचा. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पहाटेसुद्धा भिंती गरमच असतात. एक बरे, नागपूर मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्याने सूर्य इथे सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो. मे अखेरीस साडेपाचच्या सुमारास उजाडते. त्याआधी सुरुवात करून सहापर्यंत घरी परतावे. उन्हात त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळते, म्हणून नेहमीच्याच गतीला हृदय जास्त धडधडते. अशा वेळी अर्धा मिनिट धाव आणि एक मिनिट चाल करावी. वरच्याच हिशोबाने ५ किमीला ५१ मिनिटांच्या थोडे वर लागतात, म्हणजे एक मिनिट धाव-एक मिनिट चालीच्या ४८ मिनिटांपेक्षा जेमतेम साडेतीन मिनिटे जास्त. गरगरले, अंगावर काटा आला किंवा घाम थांबला तर शर्यत सोडून सावलीत बसावे. मुदत अजून शिल्लक असते, व्हर्च्युअल रनचा हा मोठा फायदा.

जागा : सपाट आणि सकाळी वाहने कमी, या दोन अटींवर वॉकर्स स्ट्रीट आणि अंबाझरी परिसर नवशिक्याला सोयीचे. फुटाळा तलावावर पहाटेच जावे, संध्याकाळी तिथे खाऊच्या गाड्या आणि गर्दी. सेमिनरी हिल्सला सावली छान, पण चढ आहे. चढावर टायमर काहीही म्हणो, चालावेच. कुत्री मागे लागली तरी धावणे थांबवून चालू लागणे हाच उपाय, आणि धाव-चालवाल्याला त्याची सवय असतेच.

नोंद : सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सावकाश चालताना अॅपला वाटते माणूस थांबला, आणि ऑटो-पॉज चालू असेल तर घड्याळ थांबते. आयोजक बहुतेक सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा पूर्ण वेळ धरतात, फक्त ‘हालचालीचा वेळ’ नव्हे. म्हणून ऑटो-पॉज आधीच बंद करावे. दुसरा घोळ मोबाइलच्या बॅटरी-सेव्हरचा. स्क्रीन बंद झाली की तो अॅपलाही झोपवतो आणि नकाशावर वळणावळणाच्या रस्त्याऐवजी घरांच्या छपरांवरून गेलेली सरळ रेघ उमटते. वर्धा रोडवरच्या ३.१४ किमी लांबीच्या डबलडेकर पुलाखाली उपग्रहांचे संकेत अडतात. तिथली रेघ दारू प्यायल्यासारखी डुलते. ज्या शहरात अंतरांच्या मोजणीची खूण म्हणून झीरो माइलचा दगडी स्तंभ उभा आहे, तिथे ५ किमी नीट मोजून घेणे इतके कटकटीचे व्हावे, ही गंमतच. ट्रेडमिलवर धावल्यास काही आयोजक पडद्याचा फोटो चालवून घेतात. नियम आधी वाचावेत. रस्त्यावर मात्र अॅपने ५.०० दाखवले तरी लगेच बंद करू नये. अपलोड झाल्यावर तेच अंतर ४.९७ निघू शकते. आणखी शंभरेक मीटर पुढे जावे, मग बटण दाबावे.