मागे बोळ असेल, तर ते ‘बॅक-टू-बॅक’ घर नव्हे

इंग्लंडमधल्या गिरणी-कारखान्यांच्या गावांतली विटांची सलग घरे दिसली, दोन ओळींच्या मागच्या बाजू समोरासमोर आल्या आणि मध्ये अरुंद बोळ असला, की त्यांना सर्रास ‘बॅक-टू-बॅक’ म्हटले जाते. हे चूक आहे.

खऱ्या बॅक-टू-बॅक घरात मागची भिंतच दोन घरांत सामाईक असते. परसदार नाही, मागे खिडकी नाही. ओळीच्या मधल्या घराला तीन बाजूंनी शेजारी, म्हणून दार आणि खिडक्या फक्त समोर. हवा आरपार खेळायला वाटच नाही! नळ आणि संडास बहुतेकदा चौकात, म्हणजे घरांमधल्या सामाईक अंगणात, अनेक कुटुंबांत मिळून. बोळवाल्या घराला निदान स्वतःचे छोटे अंगण असे. तिथे राहणाऱ्या बाईच्या रोजच्या कष्टांत यामुळे केवढा फरक पडत असेल! म्हणूनच हा शब्दांचा कीस नाही.

दुसरा गैरसमज, ही घरे व्हिक्टोरिया राणीच्या काळातच संपली. १९०९च्या कायद्याने नवी बांधायला बंदी आली खरी, पण आधी मंजूर झालेल्या आराखड्यांच्या आधारे लीड्स शहरात ती १९३७पर्यंत बांधली गेली. तिथे अशा हजारो घरांत आजही लोक राहतात. बर्मिंगहॅममध्ये मात्र इंज स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा अशा घरांचा एकच चौक उरला आहे. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २००४मध्ये तो लोकांसाठी खुला केला.